भूकंप-त्सुनामीसाठी मुलांना तयार करायचं तर काय हवं, धडा की सराव?

26 डिसेंबर 2004. थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर दहा वर्षांच्या टिली स्मिथला समुद्र विचित्र फेसाळलेला दिसला. दोनच आठवड्यांपूर्वी ती वर्गात त्सुनामी शिकली होती. आईबाबांच्या मागे लागून तिने किनारा रिकामा करायला लावला. नीट समजावलेला धडा असा उपयोगी पडतो. मूल खुणा ओळखतं.

सराव मात्र अंगात भिनतो. 11 मार्च 2011 ला जपानच्या कामाइशीत भूकंपानंतर माध्यमिक शाळेतली मुलं उंचावर पळत सुटली. त्यांना बघून शेजारच्या शाळेतली लहान पोरंही निघाली. ठरलेली जागा धोक्याची वाटली तशी ती आणखी वर गेली. (हे निव्वळ कवायतीने येत नाही म्हणा, धोक्याच्या जागा दाखवणाऱ्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, हेही त्यांना शिकवलं होतं.)

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मी डोळे झाकून सराव निवडेन. त्यांना भूपट्टे, म्हणजे जमिनीखालचे सरकणारे प्रचंड खडकाळ तुकडे, सांगून काय उपयोग? भूकंप जाणवला की टेबलाखाली शिरायचं, एका हाताने डोकं-मान झाकायची, दुसऱ्याने टेबलाचा पाय घट्ट धरायचा. टेबल सरकलं की आपणही सरकायचं. हे त्यांना खेळासारखं जमतं. फक्त पूर्वकल्पना न देता भोंगा वाजवून त्यांना घाबरवू नका.