दारू, उदासी आणि एआरटी: निधी आयसीएमआरकडे मागावा की एनआयएचकडे?

एआरटी सेंटरमध्येच (एचआयव्हीवरच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रात) दारूचं व्यसन आणि नैराश्य यांवर उपचार देऊन पाहायचे, त्याने गोळ्या नियमित होतात का आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला राहतो का हे तपासायचं, असा प्रस्ताव मनात असलेले तरुण सहकारी हल्ली बरेच भेटतात. कुणी मानसोपचार विभागातले, कुणी पीएसएमचे (सामुदायिक वैद्यकशास्त्राचे). बोलणं शेवटी एकाच प्रश्नावर येतं: अर्ज कुठे करायचा, आयसीएमआरकडे (आपली वैद्यकीय संशोधन परिषद) की एनआयएचकडे (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्था)? मी दोन्ही दारं वाजवली आहेत आणि दोन्हीकडच्या पैशावर काम केलं आहे. ज्यांनी अजून काहीच ठरवलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एनआयएचच्या आर 34 या प्रायोगिक अभ्यासांच्या अनुदानाचे बारकावे काय, आयसीएमआरच्या ईपीएमएस या अर्जांच्या संकेतस्थळावर खातं कसं उघडायचं, हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला ठाऊक असणार.

आधी ज्याचं श्रेय त्याला देऊ. या विषयात आज आपण जे काही छातीठोकपणे सांगतो, त्यातलं बरंचसं परदेशी पैशावर उभं आहे. युक्रेन, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधला एचपीटीएन 074 हा अभ्यास एनआयएचचा. इंजेक्शनने नशा करणाऱ्या एचआयव्हीग्रस्तांना तिथे यंत्रणेतून हाताला धरून नेणारा माणूस दिला आणि जोडीला समुपदेशन दिलं. वर्षभरात एआरटी घेणारे आणि व्यसनावर औषध घेणारे वाढले, मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हा निष्कर्ष 2018 साली लॅन्सेटमध्ये आला. भारतात 22 ठिकाणी झालेली एकात्मिक सेवा केंद्रांची (एचआयव्ही तपासणी आणि इतर सेवा एकाच छताखाली) चाचणीही तिकडच्याच पैशाची. लोकसंख्येच्या पातळीवर तिला अपेक्षित फरक दाखवता आला नाही, पण जिथे केंद्रांचा वापर जास्त तिथे एचआयव्ही तपासणी जास्त, हे तिने दाखवलं. माझ्या मते असा अर्धामुर्धा निकाल प्रामाणिकपणे छापून येणं ही मोठी गोष्ट आहे. मुंबई परिसरातल्या पाच एआरटी सेंटरांमध्ये दारू पिणाऱ्या पुरुषांवर झालेलं कामही अमेरिकेच्या दारूविषयक संस्थेच्या निधीतून झालं. गोव्यात ‘संगत’ने साध्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून दारू आणि नैराश्यावर उपचार करून दाखवले (2017), ते ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या पैशावर.

एवढं असूनही माझा कौल आयसीएमआरकडे का झुकतो, ते पुढे येईल.

पैशाचं आधी उरकतो. आर 34 म्हणजे तीन वर्षांत मिळून 4,50,000 डॉलर थेट खर्च, ही कमाल मर्यादा. आयसीएमआरकडून त्याच कामाला मिळणारी रक्कम यापुढे लहान दिसते. पण आपल्याकडे अशा अभ्यासाचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसांचे पगार, रुग्णांचं गाडीभाडं आणि थोड्या तपासण्या. गोळ्या आणि व्हायरल लोडची तपासणी नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यक्रमातून फुकट आहेतच. रक्कम अपुरी म्हणून असा प्रायोगिक अभ्यास अडल्याचं निदान माझ्या पाहण्यात नाही. शिवाय एनआयएच परदेशी संस्थेला वरखर्चापोटी 8 टक्के देतं, म्हणजे तुमच्या डीनना खूश करण्याइतकंही त्यातून उरत नाही.

कागदपत्रांबाबत दोघेही सारखेच छळतात, फक्त छळण्याची ऋतुमानं वेगळी. अमेरिकेकडे अर्ज करायचा तर आधी संस्थेचा एनकेज कोड, मग सॅमवर (अमेरिकी सरकारची नोंदणी यंत्रणा) नोंदणी, यूईआय हा ओळख क्रमांक, अर्जासाठी ईआरए कॉमन्सचं खातं. सॅमची नोंदणी दरवर्षी ताजी करावी लागते, आणि ती करणारा कारकून बदली होऊन गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. मग भारताच्या बाजूने एचएमएससीची, म्हणजे परदेशी निधीचं आरोग्य संशोधन तपासणाऱ्या केंद्राच्या समितीची मंजुरी. तुमचं कॉलेज ट्रस्टचं असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. वस्तीत जाऊन माणसं शोधून आणणारी जी छोटी संस्था तुमच्या प्रस्तावाचा कणा असते, तिला तुमच्या अनुदानातून वाटा देण्याचा रस्ता तिथे बंद होतो. एचआयव्हीच्या कामात हा मुद्दा बारीक नाही. प्रस्ताव लिहिण्याआधीच याचा विचार करा.

देशी बाजूला 31 मार्च. जीएफआर 12-ए या सरकारी नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचं विवरण, जेम या सरकारी पोर्टलवरची खरेदी. पुढचा हप्ता या कागदांवर अवलंबून असतो, आणि कागद तुमच्या हातात नसतात, लेखा विभागाच्या हातात असतात. मी ज्या संस्थेत होतो तिथे एका सहीसाठी फाइल इतकी फिरली की प्रकल्पातल्या समुपदेशक बाईंचा पगार थकला. त्यांनी काम सोडलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. तुमचा लेखा विभाग कसा आहे हे तुम्हाला माहीत असेलच. तो ढिला असेल तर माझं पुढचं सगळं म्हणणं थोडं कमी करून वाचा.

आता माझा कौल ज्यामुळे झुकला त्या एका गोष्टीकडे येतो.

एनआयएच ही एक तिजोरी नाही. नैराश्य एका संस्थेचं, दारू दुसरीची, गर्द आणि सुया तिसरीच्या. अनुक्रमे एनआयएमएच, एनआयएएए आणि नायडा. तिन्ही एकत्र करून एकच वर्तन-आरोग्य संस्था करावी असा प्रस्ताव अमेरिकी सरकारच्या 2026 च्या अंदाजपत्रकात होता. मी मात्र असल्या प्रस्तावांच्या भरवशावर माझा अर्ज आखणार नाही. अर्ज करताना तुमचा विषय कुणाच्या दारात जाणार ते ठरवावं लागतं, आणि ते ठरलं की अभ्यासाचा मुख्य निष्कर्षही तिथेच ठरून जातो. आमचा प्रस्ताव अमेरिकेतल्या एका विद्यापीठाबरोबर होता आणि तो दारूचा झाला. मग चर्चा सुरू झाली की नैराश्याचं काय करायचं. पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली सगळ्यांची भरून घ्यायची, हे ठीक. पण ज्यांचा गुणांक ठरलेल्या रेषेच्या वर जाईल त्यांना मुख्य विश्लेषणातून वगळायचं, कारण सुधारणा दारूच्या समुपदेशनाने झाली की उदासी ओसरल्याने, हे सांगता येणार नाही. अशांना मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी द्यायची. पद्धतशास्त्र म्हणून सहकाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. समीक्षकांनीही बहुधा तेच सांगितलं असतं.

आता ही चिठ्ठी प्रत्यक्षात कुठे जाते ते पाहा. एआरटी सेंटर एका इमारतीत, मानसोपचार ओपीडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, तीही आठवड्यातून ठरावीक वारी. माणूस तालुक्याहून पहाटेची एसटी धरून आलेला, दिवसाची मजुरी बुडवून. गोळ्या घेतो, हिरव्या पुस्तकात तारीख लिहून घेतो, चिठ्ठी त्याच पुस्तकात घालतो आणि परतीच्या गाडीला जातो. पुढच्या भेटीत पुस्तक उघडलं की चिठ्ठी तिथेच, घडीसुद्धा न मोडलेली. आपल्या गावातलं कुणी त्या ओपीडीच्या रांगेत पाहील, ही भीती वेगळीच. आमच्या सेंटरमधल्या केअर कोऑर्डिनेटर ताई, ज्या स्वतः बरीच वर्षं गोळ्या घेतात, मला म्हणाल्या, “सर, हे पिणारे झोप येत नाही म्हणून पितात. तुम्ही त्यातले न झोपणारे बाजूला काढलेत, आता उरले कोण?”

मला याला उत्तर सुचलं नाही. गोळ्या चुकवणारे, तारखा टाळणारे, ज्यांच्या घरी फोन करावा लागतो, ते बहुतेक हेच, दारू आणि उदासी दोन्ही असलेले होते. मोजून सांगत नाही, सेंटरवर बसणाऱ्यांचा अंदाज सांगतो. एकत्रित उपचारांचा अभ्यास म्हणून आम्ही जे करत होतो त्यात एकत्र करण्याजोगी माणसंच गाळली जात होती.

याच कामात मापांचीही गंमत झाली. आपल्याकडे माणूस ‘क्वार्टर’ सांगतो. 180 मिलीच्या त्या बाटलीत साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल. दारूचं सेवन तपासणाऱ्या ऑडिट प्रश्नावलीच्या 10 ग्रॅमच्या मापाने सहा पेग, अमेरिकेच्या 14 ग्रॅमच्या मापाने चारच्या आसपास. तोच माणूस, तीच संध्याकाळ. कुठलं माप धरायचं यावर आमच्या रात्रीच्या बैठका (त्यांची सकाळ) किती चालल्या ते विचारू नका. हा त्रास निर्णायक नव्हता, पण नाक्यावरच्या माणसाची भाषा आपल्याला किती वेळा दुसऱ्याला समजावून सांगावी लागते, ते त्यात दिसलं.

आयसीएमआरकडे केलेल्या प्रस्तावात दोन्ही गोष्टी एकाच समुपदेशकाकडे ठेवल्या. दारूसाठी आणि उदासीसाठी एकच खोली, एकच व्यक्ती, एआरटीच्याच दिवशी. तिथेही भिंती आहेत, नाही असं नाही. एचआयव्ही संसर्गजन्य आजारांत मोडतो, दारू आणि नैराश्य असंसर्गजन्यांत. विषय पसरट आहे अशी टीका आमच्यावरही झाली. पण समितीत ज्यावर खरा वेळ गेला तो प्रश्न निराळा होता: प्रकल्प संपल्यावर हे कोण करणार? सेंटरच्या समुपदेशकाकडे आधीच रांग आहे, त्यात तुम्ही आणखी एक काम देणार, ते टिकणार कसं? या प्रश्नाने आमचा आराखडा बदलला. अवघड रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञाचा फोन, मधल्या काळात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, आणि पहिल्या भेटीचा काही भाग केअर कोऑर्डिनेटरकडे. कागदावर हे तितकं देखणं दिसत नाही. चालवायला मात्र सोपं गेलं.

कदाचित आम्हाला समिती चांगली मिळाली असेल. दुसऱ्या कुणाचा अनुभव उलटा असू शकतो, हे मान्य. तरी एक फरक नशिबापलीकडचा वाटतो. देशी समितीत बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी सरकारी एआरटी सेंटर आतून पाहिलेलं असतं. ‘चिठ्ठी देऊ’ म्हटलं की तिचं काय होतं, हे त्यांना परिच्छेद लिहून पटवावं लागत नाही.

मग एनआयएचकडे जावं कुणी? ज्यांचा प्रश्न खरोखर एकाच खणात बसतो त्यांनी. पंजाब, मिझोराम, मणिपूर अशा भागांत ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (गर्दसारख्या नशेवरची औषधं) आणि एआरटी एकत्र देण्याचा प्रश्न असेल, अनेक शहरं, लांबचा पाठपुरावा आणि भक्कम संख्याशास्त्र हवं असेल, तर आवाक्यात त्याला तोड नाही. तिकडची समीक्षाही शिकवून जाते. नाकारलेल्या अर्जावर मिळालेली पानं मी आजही विद्यार्थ्यांना वाचायला देतो. मात्र 1 मे 2025 ला एनआयएचने परदेशी उप-अनुदानांवर जो लगाम घातला, त्याने अमेरिकी विद्यापीठाच्या छत्राखाली वाटा घ्यायची आपली नेहमीची वाट अवघड झाली आहे. ज्या प्रोफेसरांच्या भरवशावर तुम्ही आहात त्यांना आधी स्पष्ट विचारा की नव्या रचनेत तुमचं नाव कुठे बसतं. ‘बघू, होईल काहीतरी’ हे उत्तर आलं तर त्या चक्रात वर्ष घालवू नका.

इंडिया अलायन्सचं (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांची संयुक्त निधी संस्था) नाव मधूनच निघतं. ती चांगली वाट आहे, पण तो पैसा माणसावर लावलेला असतो, प्रकल्पावर कमी. पाच वर्षं कॉलेजच्या ओपीडीतून आणि परीक्षांच्या कामातून तुम्हाला सोडतील का, हे आधी डीनना विचारा.

नाको आणि राज्य एड्स नियंत्रण सोसायटीची परवानगी दोन्हीकडे लागते. मुंबईत असाल तर तिथली वेगळी सोसायटी. 2017 च्या एचआयव्ही कायद्यामुळे गोपनीयतेचे नियम कडक आहेत. परदेशी निधीत माहिती इतरांना खुली करण्याची अपेक्षा असते, देशी निधीत हा ताण मला कमी जाणवला. यावर मात्र वाद घालणारे भेटतील.

आणि आयसीएमआरकडे जायचं ठरलंच, तर पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात समुपदेशकाचं पद पूर्ण बारा महिन्यांचं धरा. लेखा विभागातल्या ज्या व्यक्तीकडे तुमची फाइल जाणार, तिला प्रस्ताव पाठवण्याआधी एकदा भेटून या. तारखा तिला तोंडपाठ असतात. एप्रिलमध्ये पगार अडकला तर फाइल कुठल्या टेबलावर आहे हे तीच सांगेल.