व्हीपीएनवरून सर्व्हरची ग्राफिकल साधने: एक्सटूगो आठ महिने वापरल्यानंतर

दूरच्या लिनक्स सर्व्हरवरील व्यवस्थापनाची ग्राफिकल साधने व्हीपीएनवरून (इंटरनेटवरील खाजगी, कूटबद्ध जोडणीवरून) चालवणे हे माझे रोजचे काम आहे. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी एसएसएचच्या (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करण्याची पद्धत) एक्स११ फॉरवर्डिंगवर, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमची विंडो आपल्या पडद्यावर उमटवण्याच्या सोयीवर, विसंबून होतो आणि डिस्कच्या पार्टिशनची साधी विंडो पूर्ण उमटायला अर्धा मिनिट लागत असे. जोडणीचा वेग वाढवून घेतला, एसएसएचचे कॉम्प्रेशन चालू केले, तरी फारसा फरक पडला नाही.

दोष बँडविड्थचा नव्हताच. एक्स११ हा विंडो दाखवण्यासाठीचा १९८७ सालचा प्रोटोकॉल आहे आणि त्यावर चालणारे अनेक प्रोग्रॅम विंडो रंगवताना डिस्प्लेला लहान लहान प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबतात. लॅनवर अशा एका फेरीला १ मिलिसेकंद लागतो, म्हणून १०० फेऱ्या ०.१ सेकंदात उरकतात. माझ्या व्हीपीएनवर पिंग (अशा एका फेरीचा वेळ) १८० मिलिसेकंद होता, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांना १८ सेकंद लागत. म्हणून मी एक्सटूगो हे दूरच्या लिनक्सवरील विंडो व डेस्कटॉप वापरण्याचे सॉफ्टवेअर घेतले. त्यातील एनएक्स तंत्रामुळे यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे सर्व्हरवरच दिली जातात आणि टनेलमधून (व्हीपीएनच्या जोडणीतून) मुख्यतः रेखाटनाचा संकुचित डेटा येतो. तीच विंडो आता तीन-चार सेकंदांत उघडते.

पहिला आठवडा मात्र कठीण गेला. लॉगिन व्यवस्थित होई, विंडोची चौकट येई आणि मग आतला भाग राखाडीच राही. मी एक्सटूगोच्या सेटिंग बदलत बसलो, पण ही लक्षणे चुकीच्या एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या मर्यादेची, असतात: छोटी पॅकेट जातात, मोठी वाटेत हरवतात. तुकडे करण्यास मनाई करून टनेलमधून पिंग पाठवले, तेव्हा १३९२ बाइटचे पॅकेट पोहोचेना आणि १३५२ बाइटचे पोहोचले. हेडरचे २८ बाइट मिळवून मी वायरगार्ड या माझ्या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या इंटरफेसचा एमटीयू १४२० वरून १३८० केला आणि अडचण तिथेच संपली. ही तपासणी सर्वांत आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. व्हीपीएन टीसीपीवर (हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणारा प्रोटोकॉल) चालत असेल तर ते यूडीपीवर (तसे न करणारा प्रोटोकॉल) आणणेही तितकेच आवश्यक आहे, कारण टीसीपीच्या आत टीसीपी गेल्यास एखादे पॅकेट हरवताच दोन्ही थर ते पुन्हा पाठवू लागतात.

मला सर्वाधिक मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. व्हीपीएन तुटले तरी सेशन सर्व्हरवर जिवंत राहते. पूर्वी जोडणी गेली की विंडोसह अर्धवट झालेले कामही जाई.

मर्यादा आहेत. त्रिमितीय ग्राफिक्सवर अवलंबून असलेला जीनोम डेस्कटॉप यात चालत नाही, म्हणून मी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप ठेवला, आणि बहुतेक वेळा तर संपूर्ण डेस्कटॉप न उघडता एकच प्रोग्रॅम उघडतो. आभासी यंत्रांसाठी मात्र एक्सटूगोही लागत नाही: व्हर्ट-मॅनेजर हा ती यंत्रे हाताळणारा ग्राफिकल प्रोग्रॅम माझ्याच संगणकावर चालवून एसएसएचमार्गे दूरच्या लिबव्हर्टला (सर्व्हरवर ती यंत्रे सांभाळणारी सेवा) जोडला, की विंडो स्थानिक राहते आणि व्हीपीएनवरून फक्त आज्ञा व माहिती जाते.