जुन्या गाडीचा मीटर तपासायला ईएलएम ३२७: काय पकडतो, काय सुटतं

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, बहुतेक वेळा निळा नाहीतर काळा डबा आणि एका बाजूला सोळा पिनांचा प्लग. ईएलएम ३२७ या नावाने विकला जाणारा हा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर हजार रुपयांच्या आत मिळतो. सेकंड हॅन्ड गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास सांगितलं जातं, 'डबा लाव, खरं रनिंग कळेल.' हे अर्धंच खरं आहे. डबा खोटं पकडू शकतो, पण गाडी खरी असल्याची हमी देऊ शकत नाही. हा फरक न समजता लोक आयुष्यभराच्या बचतीतून गाडी घेतात, म्हणून हे सविस्तर.

आधी मीटर मागे कसा जातो ते बघू. डिजिटल मीटरवरचा आकडा स्पीडोमीटरच्या क्लस्टरमागच्या (ड्रायव्हरसमोरच्या मीटरच्या पॅनेलमागच्या) बोर्डवर आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो. ९३सी५६, ९३सी६६, २४सी१६ अशा नावांच्या या चिपा असतात. क्लस्टर काढायचा, चिपला क्लिप लावायची, लॅपटॉपवर फाइल वाचून किलोमीटरचे बाइट बदलायचे आणि फाइल परत चिपवर चढवायची. काही मॉडेलांत क्लस्टर उघडावाही लागत नाही, ओबीडी सॉकेटमधूनच, म्हणजे हा डबा जिथे लागतो त्या तपासणीच्या जोडणीतूनच, काम होतं. पूर्वीच्या आकड्यांच्या चक्रांच्या मीटरमध्ये आकडे एका ओळीत नसणं ही खूण असायची, तशी खूण इथे उरत नाही. पण गाडी किती चालली याची नोंद एकट्या क्लस्टरकडे नसते. इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, स्वतःचे काही आकडे वेगळे मोजत असतो. ते वाचणं एवढंच या डब्याचं काम.

विकत घेताना एक गोष्ट बघा. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची होती, आणि बाजारातल्या स्वस्त डब्यांत जवळपास सगळीकडे तिची नक्कल असते. 'व्ही १.५' लिहिलेली आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, तरी त्या छापाचे डबे सहसा बरे चालतात. 'व्ही २.१' छापाच्या बऱ्याच नकलांमध्ये काही कमांड गाळलेल्या असतात; अ‍ॅप जोडलं जातं, पण मधले आकडे येत नाहीत आणि दोष गाडीला लागतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डबा चालणार नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्या. अ‍ॅपमध्ये 'कार स्कॅनर' दोन्हीकडे चालतं, अँड्रॉइडवर 'टॉर्क'ही आहे. बघायला जाण्याआधी डबा घरच्या किंवा मित्राच्या गाडीला लावून चालतो का ते तपासा. विक्रेत्याच्या दारात पेअरिंगशी झटापट करत बसलात की तपासणी तिथेच संपते.

सॉकेट स्टीअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास असतं. भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीने उत्तर दिलं नाही तर नवल मानू नका. चावी बंद असताना डबा लावा, मग इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. पेअरिंगचा पिन १२३४ किंवा ०००० असतो. अ‍ॅप जोडलं की आधी फॉल्ट कोड (ईसीयूने नोंदलेले बिघाडांचे कोड) वाचा, पण पुसू नका. 'क्लिअर'चं बटण चुकून दाबलं गेलं तर जे बघायला आलात तेच आकडे शून्य होतील.

आता मुख्य आकडा. सेन्सरांच्या यादीत 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' अशा अर्थाची एक ओळ असते. कमांड ०१ ३१. टर्मिनलमध्ये (कमांड हाताने टाइप करायच्या खिडकीत) ती थेट टाकली तर समजा उत्तर आलं: ४१ ३१ सी८ २ए. पहिल्या दोन जोड्या फक्त पोच देतात. पुढचे आकडे सोळाच्या पद्धतीतले (हेक्साडेसिमल) आहेत. सी८ म्हणजे २००, २ए म्हणजे ४२. दोनशेला २५६ ने गुणून ४२ मिळवा: ५१,२४२ किलोमीटर. ईसीयू सांगतो की शेवटचे कोड पुसल्यावरच गाडी एवढी धावली आहे. समोर मीटरवर ३८,००० असेल, तर पुढे काही विचारायचं उरत नाही. कोड पुसल्यानंतरचं अंतर गाडीच्या एकूण अंतरापेक्षा जास्त असूच शकत नाही. क्लस्टर बदलला असेल तर ती गोष्ट वेगळी, पण मग त्याचं वर्कशॉपचं जॉबकार्ड विक्रेत्याने दाखवलं पाहिजे. नुसतं तोंडी सांगणं धरू नका.

हा आकडा ६५,५३५ पर्यंतच मोजला जातो, पुढे तिथेच थांबतो. मीटर ५५,००० दाखवतोय आणि इथे नेमका ६५,५३५ दिसतोय, तर गाडी किमान तेवढी फिरलेली आहे. दीड लाखही असू शकते.

उलट बाजू मात्र कच्ची आहे आणि फसगत इथेच होते. हा आकडा मीटरपेक्षा कमी आला म्हणजे मीटर खरा, असं अजिबात नाही. १,२०,००० ची गाडी ४०,००० वर आणली आणि मधे ८५,००० ला कोणीतरी कोड पुसले होते, तर डबा ३५,००० दाखवेल आणि सगळं जुळल्यासारखं वाटेल. मीटर मागे करणारा हुशार असेल तर जाताना कोड पुसूनच जातो. तेव्हा शेजारचा आकडा बघा: कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा गरम झालं, कमांड ०१ ३०. तो २५५ पर्यंत जातो. अंतर ४० किलोमीटर आणि गरम होण्याची संख्या ३, शिवाय मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) 'अपूर्ण' दिसत असतील, तर कोड गेल्या दोन-चार दिवसांत पुसलेत. यामागे नुकतीच झालेली सर्व्हिस किंवा बदललेली बॅटरीही असू शकते. पण त्याचं बिल मागा. बिल नसेल तर डब्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही असं समजा.

आणखी एक छोटं काम: अ‍ॅपमध्ये व्हीआयएन, म्हणजे ईसीयूत नोंदलेला गाडीचा ओळख क्रमांक, वाचून बघा. आला तर आरसीवरच्या चासी नंबरशी सतराही अक्षरं ताडा. न जुळणं म्हणजे ईसीयू दुसऱ्या गाडीचा आहे, आणि मग वरचे सगळे आकडेही दुसऱ्या गाडीचेच.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांसाठी हा साधा डबा अपुरा आहे. पोलो, व्हेंटो, रॅपिड बघत असाल तर व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (या गाड्यांसाठीची खास तपासणी साधनं) असलेला मेकॅनिक गाठा. या गाड्यांत फॉल्ट कोडसोबत तो दोष उद्भवला तेव्हाचे किलोमीटरही नोंदले जातात. एबीएस किंवा इंजिनमधल्या एखाद्या जुन्या कोडखाली १,१२,००० दिसतात आणि मीटरवर ६४,००० असतात, असं उघड उघड सापडतं. त्या मेकॅनिकला चार पैसे जास्त द्यावे लागले तरी द्या.

डब्याला जे जमत नाही ते कागद करतात, आणि खरं सांगायचं तर कागदांचं वजन जास्त आहे. गाडीमालकाला त्याच्या फोनवर कंपनीच्या अ‍ॅपमधून सर्व्हिस हिस्टरी उघडून दाखवायला सांगा, किंवा त्याच्यासोबत अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन गाडीच्या नंबरवर प्रिंट काढा. प्रत्येक भेटीला तारीख आणि किलोमीटर असतात. आकडा वाढतच गेला पाहिजे. दर सहा-आठ महिन्यांनी आलेली गाडी अचानक दोन वर्षं गायब होत असेल, तर त्या खिंडारावर बोट ठेवा. फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. ज्या गाडीचं रनिंग वर्षाला सहा हजार सांगतात, ती दर आठवड्याला पुणे-मुंबई टोल ओलांडत असेल तर ते तिथे दिसतं. विमा 'पे अ‍ॅज यू ड्राइव्ह' प्रकारचा असेल तर पॉलिसी काढतानाचं रीडिंग कंपनीकडे नोंदलेलं असतं. सीएनजी गाडी असेल तर दुप्पट सावध राहा. आरसीवर आधी टुरिस्ट परवाना होता का तेही बघा, कारण टॅक्सीची गाडी खासगी करून विकली जाते आणि मीटर मागे करण्यात सगळ्यात जास्त फायदा अशाच गाडीत असतो.

टायरवरचे चार अंक विसरू नका. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीला २०२३ चे चारही टायर असतील आणि मीटर २८,००० म्हणत असेल, तर आधीचे टायर एवढ्यात का संपले ते विचारा. क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कडही बघा. मात्र नवं सीट कव्हर आणि नवं पेडल रबर दोन-तीन हजारांत बसतं, त्यामुळे यावर एकट्यावर निकाल देऊ नका.

फरक सापडला तर मीटर आणि मोबाईलचा स्क्रीन एकाच फोटोत घ्या, नंबर प्लेटचा वेगळा फोटो घ्या, आणि टोकन दिलेलं नसेल तर निघून या. 'भाव कमी करतो' या बोलण्यावर थांबू नका. खरं रनिंगच माहीत नसेल तर भाव कशावर ठरवणार? गाडी पसंत पडली तरी विक्रीच्या करारात त्या दिवशीचं रीडिंग आणि 'मीटरमध्ये कोणताही फेरफार केलेला नाही' हे वाक्य विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या. डीलरकडून फसवणूक झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोला. खासगी विक्रेता असेल तर मार्ग पोलिसांकडे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची किलोमीटरसह इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. गाडी पसंत पडल्यावर ती नोंद दाखवायला सांगा. अधिकारपत्राचा नंबर विचारल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडच्या गाडीला डबा लावायची तसदीही घेऊ नका.

तपासणी झाल्यावर डबा काढून घ्या. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो. स्वस्त डबा लावून ठेवलेली गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.