६०० व्हीएचा यूपीएस, १४ महिन्यांनंतर: बॅटरी नक्की कशाने मेली

खोक्यावरचा मजकूर असा होता: ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर), बॅकअप ३० मिनिटांपर्यंत, वॉरंटी २ वर्षं. किंमत २,९०० रुपये. १४ महिन्यांनी लाइट गेली की याच यूपीएसवर संगणक अडीच मिनिटं तग धरायचा. तेवढ्यात फाइल सेव्ह व्हायची, पण विंडोज अपडेट अर्धवट असेल तर शटडाउन पूर्ण व्हायचं नाही. ब्रँडचं नाव इथे देत नाही. या किमतीतले बरेचसे यूपीएस आतून सारख्याच रचनेचे असतात, त्यामुळे नावापेक्षा रचना कळणं जास्त उपयोगाचं आहे.

लोड असा आहे: बाराव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ७५ वॅटचं ग्राफिक्स कार्ड, २४ इंची मॉनिटर आणि फायबरचा राउटर. वॉटमीटरवर साध्या कामाला ९५ वॅट, व्हिडिओ रेंडर करताना १८५ वॅटच्या आसपास.

आधी बॅकअपचा हिशोब. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. हा आकडा एका वेळी किती लोड झेपेल ते सांगतो, किती वेळ झेपेल ते नाही. वेळ ठरवते आतली बॅटरी, आणि ती १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) एकच असते. कागदावर ८४ वॅट-तास. पण ७ एएच हा आकडा २० तास सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने रिकामी केली तरचा. ९५ वॅटच्या लोडला यूपीएसमधली घट धरून बॅटरीतून साडेदहा अँपिअर ओढले जातात. शिसे-आम्ल बॅटरी इतक्या वेगाने ओढली की कागदावरच्या ऊर्जेपैकी जेमतेम निम्मी हाती लागते. म्हणून नवीन असतानाही ९५ वॅटला १९ मिनिटं मिळाली आणि १८५ वॅटला ७. खोक्यावरची ३० मिनिटं मिळायला लोड साठेक वॅटच्या आत हवा. आठव्या महिन्यात ९५ वॅटला ११ मिनिटं उरली होती. त्यानंतर घसरण झपाट्याने झाली.

बॅटरी खराब होती असं म्हणून विषय संपत नाही. ती भाजून मेली. मागची जाळी काढून बॅटरीच्या अंगाला तापमापकाची तार चिकटवली, तर संध्याकाळी ४३ अंश. खोलीत तेव्हा ३१ होते. कारण उघडल्यावर लगेच दिसतं: बॅटरी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात बोटभरही जागा नाही आणि पंखा नाहीच. रब्बीच्या दिवसांत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की लाइनला १७०-१८० व्होल्ट येतात. मग ‘टक्’ असा रिलेचा, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या खटक्याचा, आवाज होतो आणि यूपीएस व्होल्टेज वर उचलायला लागतो. त्या वेळी सगळा लोड ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतून जातो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि शेजारची बॅटरी शेकत राहते. लाइट न जाताही, रोज चार-पाच तास.

अशा सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं. त्यावर दर ८ ते १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. ४३ अंशांना पाव उरतं. शिवाय टर्मिनलवर चार्जिंगचं व्होल्टेज मोजलं तर १३.७. हे २५ अंशांना अगदी योग्य आहे, पण ४३ अंशांना ते १३.४ च्या आत उतरायला हवं. तापमान पाहून चार्जिंग कमी करणारा भाग या यूपीएसमध्ये नाही. त्यामुळे बॅटरी सतत थोडी जास्त चार्ज होते, आतलं पाणी वायू होऊन झडपेतून निघून जातं आणि त्यात पाणी घालायची सोय नसते. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर ती पुढे वापरूच नका.

दुसरी निराशा जास्त त्रासाची, कारण ती पहिल्या आठवड्यापासून आहे. लाइट गेली की कधीकधी संगणक थेट रीस्टार्ट होतो. मुद्दाम प्लग काढून तपासलं: ९५ वॅटला दहापैकी दहा वेळा सुरळीत, १८५ वॅटला दहापैकी चार वेळा रीस्टार्ट. लोड ३६० च्या निम्म्यावर असूनही! दोष एकट्या यूपीएसचा नाही, जोडी जमत नाही. हा यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत साइन वेव्हऐवजी पायऱ्यांची लहर देतो. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेला एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय, आलेल्या लहरीच्या आकाराबरहुकूम करंट ओढायला बघतो. पायरी अचानक चढली की करंटचा झटका बसतो आणि यूपीएसचं संरक्षण आउटपुट तोडतं. हल्लीच्या ८० प्लस (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी जवळपास असतोच. जुन्या साध्या एसएमपीएसवर हाच यूपीएस कुरकुर करत नाही. आधीच्या संगणकावर नीट चालत होता, नवीन घेतल्यावर बिघडला, अशी तक्रार असते तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

मोजताना एक काळजी घ्या. बॅटरीवर असताना यूपीएसचं आउटपुट साध्या मल्टिमीटरने मोजलं तर १८०-२०० व्होल्ट दिसतात आणि यूपीएस बिघडलाय असं वाटतं. पायऱ्यांच्या लहरीला ट्रू आरएमएस मीटरच लागतो, म्हणजे लहरीचा आकार कसाही असला तरी बरोबर व्होल्टेज दाखवणारा.

वॉरंटीचं म्हणाल तर खोक्यावर २ वर्षं, आतल्या कार्डावर बॅटरीला १२ महिने. सर्व्हिस सेंटरने कार्डावर बोट ठेवलं. दुकानातच खोकं उघडून कार्ड वाचा आणि खोक्यावरच्या मजकुराचा फोटो बिलाबरोबर ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला तक्रार करताना तोच कामी येतो.

बॅटरी घरी बदलता येते. यूपीएस बंद करा, प्लग भिंतीतून काढा, लोडच्या वायरी काढा. खालचे चार स्क्रू काढून झाकण उचला. आधी काळी वायर, मग लाल. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. जोडताना बारीक ठिणगी उडते, घाबरू नका, पण दोन्ही टर्मिनलांना एकाच वेळी धातू लागू देऊ नका. नवी बॅटरी १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर मापाचीच हवी आणि टर्मिनलची पट्टी ४.८ की ६.३ मिलिमीटरची ते जुनीवर मोजून जा. दुकानातच मल्टिमीटर लावा: १२.६ च्या वर असेल तर घ्या, १२.४ च्या खाली असेल तर ती महिनोन्‌महिने फळीवर पडून आहे, दुसरी मागा. बसवल्यावर लोड न लावता ८-१० तास चार्ज होऊ द्या. त्याच मापात ९ एएचचीही मिळते, तीही चालते. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी बाहेरून जोडायचा सल्ला मात्र कोणी दिला तर ऐकू नका. हा ट्रान्सफॉर्मर बॅटरीवर काही मिनिटंच चालण्यासाठी बनवलेला आहे; तासभर चालवला तर जळू शकतो.

घरात चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर त्यापुढे हा यूपीएस लावू नका. त्याला ती लाइन पटत नाही, तो सतत टकटक करत स्वतःची बॅटरी संपवतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर ठेवून संगणक सरळ त्यावर चालवून बघा. लेझर प्रिंटर कशावरच नको. त्याचा हीटर एका झटक्यात शेकडो वॅट ओढतो.

आता राउटर यूपीएसवरून काढून १२ व्होल्टच्या छोट्या डीसी यूपीएसवर टाकलाय. तो घेताना एमएएचला (मिली-अँपिअर-तास) १,००० ने भागून ३.७ ने, म्हणजे आतल्या लिथियम सेलच्या व्होल्टेजने, गुणायचं: ८,००० एमएएच म्हणजे ३० वॅट-तासांच्या आत, १० वॅटच्या राउटरला अडीच तासांच्या आसपास. ग्राफिक्स कार्डवाल्या संगणकाला हा ६०० व्हीएचा यूपीएस मी पुन्हा सुचवणार नाही. तिथे प्युअर साइन वेव्हचाच घ्या, महाग असला तरी. साध्या ऑफिसच्या संगणकाला चालेल, पण टेबलाखाली भिंतीला चिकटवून नको. नवी बॅटरी घालून तो टेबलाबाहेर उघड्यावर ठेवल्यापासून बॅटरीचं अंग ३६ अंशांच्या वर गेलेलं नाही आणि ९५ वॅटला पुन्हा १९ मिनिटं मिळतात. बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बॅटरीला लावली आहे; दर महिन्याला प्लग काढून घड्याळ लावायचं आणि १० मिनिटांच्या खाली आलं की पुढची बॅटरी आणायची.