संमतिपत्राची भाषा विचारणारे संपादक

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील सर्पदंशाच्या रुग्णांवरील आमचा लेख एका वैद्यकीय संशोधन नियतकालिकाकडे पाठवला, तेव्हा नैतिक समितीच्या मंजुरीपत्रावर समाधान न मानता, रुग्ण मराठी बोलणारे असताना संमतिपत्र केवळ कन्नडमध्ये का, असे संपादकांनी विचारले. ही विचारणा रास्तच होती. छायाचित्रातील मनगटावर गोंदलेले नावही त्यांच्याच नजरेस पडले आणि त्यांनी ते झाकायला लावले. एवढी काळजी मी क्वचितच पाहिली आहे.

प्रकाशनानंतर मात्र प्रतिविषाच्या कुप्यांचा तक्त्यातील चुकलेला आकडा आम्ही स्वतः कळवूनही शुद्धिपत्रास चार महिने लागले, हे मला अक्षम्य वाटते. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांविषयीचा १९९८चा सदोष लेख २०१०मध्ये मागे घेतला, दरम्यान कित्येक पालकांनी मुलांना गोवराची लस दिली नाही. पुढचा लेख आम्ही याच नियतकालिकाकडे पाठवू, पण शुद्धिपत्राची मुदत आधी लेखी मागून घेऊ.