जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते: गडचिरोली-गोंदियातून पाहताना

परदेशातून भारतात किती माणसे आली, कोठून आली आणि केव्हा आली, हे जाणून घ्यायचे असेल तर जनगणनेच्या ‘डी’ मालिकेतील तक्त्यांना तूर्त तोड नाही. ते विनामूल्य असून एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. मराठी शीर्षके मात्र नाहीत, त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी पहिल्याच स्तंभापाशी अडखळतो.

२०११ च्या जनगणनेत सुमारे ५५ लाख लोकांनी आपले मागील वास्तव्य भारताबाहेर असल्याचे सांगितले. त्यांपैकी सुमारे २३ लाख बांगलादेशातून आलेले होते. २००१ मध्ये बांगलादेशातून आलेल्यांचा आकडा ३० लाखांच्या घरात होता. एवढ्यावरून लोक परत गेले, असे म्हणणे घाईचे होईल, कारण फाळणीनंतर आणि १९७१ च्या सुमारास आलेली पिढी आता सरत चालली आहे आणि तिची येथेच जन्मलेली मुले या हिशेबात धरलीच जात नाहीत. शिवाय प्रगणक सांगितलेले उत्तर लिहून घेतो, कागदपत्रे तपासत नाही.

खरी मेख डी-१ आणि डी-२ यांत आहे. डी-१ जन्मस्थान पाहतो, डी-२ मागील वास्तव्याचे ठिकाण. मुलचेरा किंवा चामोर्शी तालुक्यातील बंगाली वसाहतीतली एखादी आजी पूर्व पाकिस्तानात जन्मली, काही काळ रायपूरजवळच्या माना येथील निर्वासित छावणीत राहिली आणि मग येथे आली, तर डी-२ तिला दुसऱ्या राज्यातून आलेली ठरवतो. तिचा मूळ देश फक्त डी-१ मध्ये उरतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील तिबेटी वसाहत १९७२ ची, म्हणजे तिबेटमधून मोठ्या संख्येने लोक आले त्या १९५९ नंतर बऱ्याच वर्षांनी वसलेली. तिथल्या ज्येष्ठांनाही हेच लागू पडते. अभ्यासक बहुधा डी-२ वरच विसंबतात, कारण त्यात वास्तव्याचा कालावधीही मिळतो. आपल्या भागासाठी मात्र मी आधी डी-१ उघडण्यास सांगेन.

स्थलांतराच्या कारणांचा डी-३ सर्वांत निराश करतो. रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतरचे स्थलांतर आणि कुटुंबासह स्थलांतर यांना स्वतंत्र रकाने आहेत. जीव वाचवून आलेल्या निर्वासिताला मात्र ‘इतर’मध्ये जावे लागते. २०२७ च्या जनगणनेत त्यासाठी वेगळा रकाना असावा, अशी माझी अपेक्षा आहे.