अ‍ॅक्वास्टॉप पाइप: काम चोख, पण ती खिडकी!

वॉशिंग मशीनला नळाचं पाणी आणणारा जुना साधा पाइप नटाजवळ फुटला तेव्हा मशीन बंदच होतं, सगळे तेच विचारतात म्हणून आधीच सांगून टाकतो. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मशीनच्या आत असतो, म्हणजे नळ उघडा असेल तर पाइपवर चोवीस तास प्रेशर. आमचा फ्लॅट खालच्या मजल्यांपैकी एकावर, टाकी साधारण ३० मीटर वर, १० मीटरला १ बार धरा, झाले ३ बार. रोज नळ बंद करा म्हणणाऱ्यांनी आमची ड्राय बाल्कनी बघावी, नळ मशीनच्या मागे आहे, हात घालायचा तर खांदा उतरवून ठेवावा लागेल. पाणी किचनमधून थेट खालच्या काकूंच्या पीओपीवर. सोसायटी म्हणाली घरातली गळती ज्याची त्याने बघायची. कंपनीचा माणूस व्हिजिट चार्ज घेऊन म्हणाला पाइप वॉरंटीत नाही आणि तुमचं पाणी हार्ड आहे. हार्ड पाण्याने पाइप फुटतो हे नवीनच!

मग हा अ‍ॅक्वास्टॉप घेतला, फुटला तर स्वतःच पाणी तोडणारा पाइप. साध्याच्या कितीतरी पट किंमत, ऑर्डर करताना जीवावर आलं. पाइपवर पाइप असतो, आतला फुटला की पाणी बाहेरच्या आवरणात भरतं, नळाकडच्या डबीतला तुकडा भिजून फुगतो आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह पाणी तोडतो. वीज लागत नाही. प्लंबर टेफ्लॉन गुंडाळायला निघाला होता, त्याला थांबवलं, इथे सील रबरी वॉशर करतो, आटे नाही. तेव्हापासून एक थेंब नाही.

पण ती खिडकी. व्हॉल्व्हने पाणी तोडलं की डबीवरच्या इवल्याशा खिडकीत लाल दिसतं, आणि डबी एवढी जाडजूड की आमच्याकडे ती एकाच बाजूने बसते, खिडकी भिंतीकडे. लाल आहे का बघायला मी मोबाईल मागे सरकवून सेल्फी काढतो, भिंतीचे फोटो गॅलरीत साठलेत. दुसऱ्या बाजूला अजून एक खिडकी दिली असती तर कंपनी बुडली असती का? त्यात एकदा लाल झालं की रिसेट नाही, अख्खा पाइप भंगारात. एवढ्या पैशात एक खेप! एक स्टार फक्त यासाठी कापला.

अपडेट: अजून एक कापतोय, खरं तर पाइपचा दोष नाही. पावसाळ्यात नहाणीच्या जाळीत कपड्यांचा बारीक कचरा अडकला, स्पिनला ड्रेन पाइप उडून बाहेर आला आणि पुन्हा पाणीच पाणी. अ‍ॅक्वास्टॉप गप्प, कारण तो फक्त येणारं पाणी बघतो, जाणारं नाही. ओरडला तो मशीनमागे जमिनीवर ठेवलेला स्वस्तातला वॉटर अलार्म, खाली दोन धातूचे ठिपके, त्यांच्यात पाणी आलं की किंचाळतो. बायको धावत गेली, मशीन बंद केलं, पाणी उंबऱ्यापर्यंतच. त्यामुळे आता विचाराल तर आधी अलार्म घ्या, ड्रेन पाइपला क्लिप मारा, मग उरले पैसे तर हा पाइप.

अलार्मचा एकच त्रास आहे, लादी पुसताना तो कोकलतो म्हणून मावशी त्याला उचलून कपाटावर ठेवतात आणि तो तिथे हवेची राखण करत बसतो. आता मशीनच्या पायाला सुतळीने बांधलाय.